बिनमिरीची जोडी

श्रावण लागला की आमच्याकडं पिंपं बाहेर निघतात. शेजारणी देवाची भांडी चिंचेनं घासत असतात आणि आमचे हे अंगणात उकिडवे बसून निळी प्लॅस्टिकची पिंपं घासत असतात. घासून झाली की ती पत्र्याच्या पन्हळीखाली ओळीनं मांडायची, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधायचं आणि आभाळाकडं बघत बसायचं. सुप्याच्या या माळावर पाऊस असा किती पडणार? भुरभुर येते, ऊन पडतं, परत भुरभुर येते. त्यातूनच थेंब थेंब करत पिंप भरतं. भरलेल्या पिंपात वाकून बघितलं की माझं तोंड दिसतं आणि माझा उजवा हात आपोआप पदराखाली जातो. तीन वर्षं झाली, ही सवय काही जात नाही.

यंदाही पिंपं भरली. सहा दिवसांमागं सकाळीच ह्यांनी मागच्या खोलीतून हाक मारली, "अगं, ये की. जोडीनं अंडी घातली." मी कणीक मळत होते. तिथूनच म्हटलं, "घालू द्या." पण कणीक झाकून ठेवली, हात धुतले आणि गेलेच.

हे पावसाचं पाणी आमच्या पिण्याचं नाही. माशांचं आहे. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ शिजता शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरी खरपुडी धरते. मी नेवाशाकडची, प्रवरेच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिना माझे केस नुसते ताग झाले होते. माणूस काय, सवय करून घेतं. हा मासा सवय करून घेत नाही. त्याला पाणी हलकं लागतं, कोमट लागतं, आणि अंडी घालायची तर आभाळातलंच लागतं. म्हणून आमच्याकडं वर्षाचा हंगाम एकच, श्रावण.

माशाचं नाव डिस्कस. लहान भाकरीएवढा, भाकरीसारखाच गोल आणि चपटा. ह्यांना त्याचा नाद लागला तो कंपनीत. एमआयडीसीतल्या कंपनीत हे फिटर होते. मोठ्या साहेबाच्या केबिनमध्ये काचेची टाकी होती, तिचा पंप बिघडला म्हणून ह्यांना बोलावलं. पंप दुरुस्त केला आणि हे तिथंच उभे. साहेब म्हणाला, काय बघतोस रे? हे म्हणाले, "साहेब, ह्यो मासा आपल्याला बघतोय." त्या दिवसापासून टाकीचं काम ह्यांच्याकडं आलं, वर्षभरात घराच्या मागं पत्र्याची खोली आली, खोलीत टाक्या आल्या आणि माझं अर्धं परस गेलं. मी पुष्कळ कडकड केली. पुढं मलाच ते मासे ओळखायला लागले. खोलीत गेलं की सगळे काचेला येऊन तोंडं लावायचे. मग कोणावर चिडणार?

ह्यांच्या माशांचा रंग नारिंगी, पिकल्या पपईच्या गराचा. पण त्या रंगावर बारीक काळे ठिपके असायचे. कुणाच्या तोंडाशी, कुणाच्या शेपटीला, कुणाच्या अंगभर. आमलेटावर मिरपूड भुरभुरावी तसे. आम्ही त्याला मिरीच म्हणायचो. पुण्याचा व्यापारी यायचा तो मोबाईलची बॅटरी लावून एकेका माशाच्या अंगावरून उजेड फिरवायचा. "ताई, क्लीन पाहिजे हो, क्लीन. मिरी कोणी घेत नाही." असं म्हणून तो मिरीचा मासा बोटानं दाखवायचा आणि बोट पुढं सरकवायचा. मी जिथं उभी असायची तिथं मला उगीच अंग चोरावंसं वाटायचं.

निवडायचं काम माझ्याकडं आलं. ह्यांचा हात बारीक कामाचा, पण त्यांना चष्म्यातून ठिपका दिसायचा नाही. मी माहेरी कांदा निवडत वाढलेली. बारीक गोल्टी वेगळी, जोडकांदा वेगळा, डागी वेगळा. दिवसभर हात चालायचा आणि तोंडही. पिल्लं रुपयाएवढी झाली की मी सकाळच्या वेळी ओट्यावर पांढरं घमेलं घेऊन बसायची. श्रावणातला उजेड त्याला फार चांगला. ऊन नाही, सावली नाही, सगळीकडं सारखा. घमेल्यात दहा-दहा पिल्लं सोडायची. एक तरी ठिपका दिसला की डाव्या बादलीत. नाही दिसला की उजव्या.

उजवी बादली आत जायची. डावी बादली परसात कोंबड्यांपुढं रिकामी व्हायची. कोंबड्यांना त्याची इतकी सवय झाली की जाळीची दांडी बादलीच्या काठावर आपटली की त्या बाभळीखालून धावत यायच्या आणि ओट्याच्या पायरीला येऊन उभ्या राहायच्या. ओरडायच्या नाहीत. मान वाकडी करून माझ्या डाव्या हाताकडं बघायच्या. मला त्यांचा राग यायचा. पण त्यांना शिकवलं कोणी? मीच.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणायची, त्याच ओट्यावर भिंतीला टेकून वाती वळत बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "ह्यात काय खोट हाय गं? चांगली हालत्यात की."

"काळा ठिपका आहे आत्या. तो नको असतो."

आत्या हसल्या. त्यांना वरचे दोनच दात होते. "ऐका! लेकराला आमी मुद्दाम लावतो काळं. गालाला तीट, कपाळाला तीट. आन् तुमी लावलेलं पुसताय व्हय? एक तरी राहू दे गं घरात. नजर लागती."

मीही हसले आणि पुढची दहा घमेल्यात सोडली.

काळं म्हटलं की आत्यांना बोलायचा तसा हक्कच नव्हता. मला बघायला आल्या होत्या तेव्हा माझ्या आईसमोर म्हणाल्या होत्या, "रंगानं जरा उतरतीच हाय. पर हात कामाचा दिसतोय." माझा हात हातात घेऊन, उलटा-सुलटा करून बघितला होता. हे गोरे, सगळं सासर गोरं. लग्नाच्या फोटोत मी वेगळी दिसते. नंतर मनीषा झाली ती माझ्याच रंगावर गेली, आणि मग मी जे केलं ते आत्यांनीही कधी केलं नव्हतं. पोरीला रोज डाळीचं पीठ आणि साय लावून घासायची. दुसरीत असेल ती. एकदा न्हाणीत उभ्या उभ्या म्हणाली, "आई, अजून किती घासायचं राहिलंय?" तिनं रडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. साधं विचारलं, गृहपाठ किती राहिलाय असं विचारावं तसं. आता ती राहात्याला नांदते, फोन करते, हसते, बोलते. तिला ते आठवतं का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

आत्यांच्या डोळ्यांत शेवटी मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला हाता-पाया पडून सांगितलं, नाही म्हणजे नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला पांढरा चुना होता. मी चुलीपुढून उठून भिंतीसमोर उभी राहिले की त्या हात पुढं करायच्या आणि बरोब्बर माझं मनगट धरायच्या. म्हणायच्या, "तू काळी हाईस म्हणून दिसती तरी बाई. माझं ल्योक कवा येतं, कवा जातं, काय बी उमगत न्हाई." ल्योक समोरच बसलेलं असायचं. मग मी त्यांना जेवायला बसवायची. गेल्या तेव्हाही माझं मनगट त्यांच्या हातात होतं. माझ्यावर जन्मभर बोलल्या, पण मला त्या आठवतात त्या अशा.

आता ज्या चुकीमुळं सगळं झालं ती सांगते. या माशाचं एक नवल आहे. आई-बाप पिल्लांना अंगावर पाजतात. दूध नव्हे, पण अंगावर एक चिकट साय धरते, पिल्लं पोहायला लागली की येऊन आईच्या अंगाला चिकटतात आणि ती साय खातात. आईला खाज सुटली की ती अंग झटकते आणि सगळी पिल्लं बापाकडं जातात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खोलीतच बसून राहिले होते. मासा आणि अंगावर पाजतो! मी अर्धा दिवस स्वयंपाक विसरले.

आमची पहिली जोडी होती तिनं पिल्लं व्हायच्या आधी रंग टाकला. पपईचा रंग गेला, अंग काळवंडलं, तव्याच्या बुडासारखं झालं. ह्यांची गाळण उडाली. रोग आला म्हणून औषध घातलं, पाणी बदललं. काही फरक नाही. पिल्लं उठली आणि त्या काळ्या अंगाला जाऊन चिकटली. तीन आठवड्यांनी पिल्लं वेगळी केली तेव्हा आईचा रंग आपोआप परत आला. मी ह्यांना म्हटलं, "अहो, मनीषाच्या वेळी माझ्या गालावर काळे वांग आले होते ते आठवतंय का? तसंच असेल हे. बाळंतपणाचं." हे म्हणाले, "वांग बायकास्नी येत्यात, माशास्नी न्हाई." आणि वहीत लिहून ठेवलं: ही मादी काळी पडते, हिचा वाण नको.

तेव्हापासून दोन गोष्टी बघायच्या ठरल्या. पिल्लू असताना मिरी नको, आणि अंड्यावर आल्यावर काळं पडायला नको. पहिलं मी निवडायचं, दुसरं ह्यांनी. दर पिढीला मासा उजळत गेला. ह्यांना फार अभिमान. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस, पाहुणे आले की टाकीपुढं उभा राहून सांगायचा, "हितं या, हितनं बघा. एक डाग दावा. दावाच." कोणाला डाग दाखवता यायचा नाही. व्यापारी म्हणाला, असा माल पुण्यात नाही, तुमच्या नावानं ओळखतील. तेव्हा हे नुसते मान खाली घालून हसले. कंपनीत तीस वर्षं नट आवळले, पण ह्यांच्या नावाची एकही गोष्ट तिथं नव्हती. ही होती.

आणि मग ती थंडी आली. पौषात तार तुटून आमच्याकडं दोन दिवस वीज नव्हती. टाक्यांमधले हीटर बंद. चुलीवर पाणी तापवून तापवून बाटल्यांत भरलं, टाक्यांत सोडलं, गोधड्या पांघरल्या. तिसऱ्या दिवशी उरले तीन मासे. एक जोडी बिनमिरीची, अगदी स्वच्छ, पंधरा-सोळा पिढ्यांचा नव्हे पण आमच्या सगळ्या वर्षांचा निचोड. आणि एक म्हातारी मादी, मिरीची. तिला मीच एका श्रावणात डाव्या बादलीतून उचलून कोपऱ्यातल्या टाकीत ठेवली होती. आत्या म्हणाल्या होत्या ना, एक तरी राहू दे. ह्यांना मी सांगितलं होतं, काच चाटून साफ ठेवते म्हणून असू द्या. काच कुठला मासा चाटतो? ह्यांनाही कळलं होतं. तरी राहू दिली.

बाहेरून नवा मासा आणला की त्याच्याबरोबर मिरी येणार, म्हणून ह्यांना बाहेरचा मासा नको होता. म्हणजे सगळा वाण त्या एका जोडीवर आला. तिची पिल्लं जगली तर ह्यांचं काम राहणार, नाहीतर सगळी वर्षं वाया. त्या काळात मी रात्रीतून दोनदा उठून हीटर बघून यायची. हे मात्र शांत. म्हणायचे, "श्रावण येऊ दे."

श्रावण आला. नागपंचमीच्या दिवशी व्यापारी जोडी बघायला येणार म्हणून निरोप आला. आमच्यात त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन उकरायची नाही. कोणत्याही जिवाला दुखवायचं नाही म्हणून. सकाळी दिंडं उकडायला ठेवून मी पाटावर नाग काढत होते तेव्हा हे आले. म्हणाले, "ती म्हातारी टाकीत दिसाया नको. शेठ म्हणंल, ह्यांच्या घरात मिरी हाय."

"मग काय करू?"

"कर कायतरी. तुझीच हाय ती."

मी तिला बादलीत घेतलं. कोंबड्या पायरीला येऊन उभ्याच होत्या. त्यांना म्हटलं, "व्हा बाजूला, आज नाही." मला वाटलं, परसातल्या हौदात सोडावं, शेठ गेला की परत आणावं. हौदात बोअरचं पाणी, गार आणि जड. मला माहीत नव्हतं का? प्रत्येक श्रावणात पिंपं कशाला भरतो हे मला ह्यांच्याइतकंच माहीत होतं. पण त्या घाईत मनानं सांगितलं, एका दिवसानं काय होतंय. मी तिला सोडली. ती हौदाच्या तळाशी गेली आणि तिथून वर, माझ्याकडं बघत राहिली. शेठ संध्याकाळपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आडवी तरंगत होती. तिच्या अंगावरचे ठिपके तसेच होते. बाभळीखाली पुरली. पंचमी उलटून गेली होती, जमीन उकरायला हरकत नव्हती.

त्याच आठवड्यात जोडीनं अंडी घातली. उलट्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीवर अंड्यांचा सुरेख पट्टा उमटला. आई-बाप आळीपाळीनं पंखानं वारा घालायचे. तिसऱ्या दिवशी अंड्यांना शेपट्या फुटल्या. सहाव्या दिवशी पिल्लं सुटली आणि पोहायला लागली. हे कंपनीतून रजा काढून घरी होते. आम्ही दोघं टाकीपुढं स्टुलं घेऊन बसलो, सिनेमाला बसावं तसे. आई रंग न टाकता लखलखत होती. बाप तसाच. ह्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "बघ. काळी पडली न्हाई."

पिल्लं आईपाशी आली आणि तिला ओलांडून पुढं गेली.

आम्हाला वाटलं, पहिलीच वेळ आहे, चुकली असतील. आई पुढं गेली, अंग थरथरवलं. ती त्यांची हाक असते. पिल्लं थोडी थबकली आणि परत निघाली. टाकीच्या कोपऱ्यात पाणी गाळायचा काळा स्पंज होता. सगळी पिल्लं, झाडून सगळी, त्या स्पंजाला जाऊन चिकटली आणि चाटायला लागली.

ह्यांनी स्पंज काढला. पिल्लं थोडा वेळ भरकटली आणि हीटरच्या काळ्या टोपणाला चिकटली. हीटर काढला तर पाणी गार होणार. त्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. मग ती कुंडीच्या खालच्या सावलीत गेली. ह्यांनी कुंडी काढली. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून टाकला, पुण्याहून आणलेली पावडर टाकली. पिल्लांना ते खाणं आहे हेच ठाऊक नव्हतं. आई मागं मागं फिरत होती, थरथरत होती, तिच्या अंगावर साय इतकी आली की पाण्यात तिचे तंतू सुटायला लागले. लेकरं भुकेली आणि आईच्या अंगावरून अन्न गळून चाललेलं. तिच्यात काय कमी होतं? काही नाही. तिच्या लेकरांना ती दिसत नव्हती एवढंच.

हे मला म्हणाले, "एक जरी जुनी मादी असती ना. काळी पडणारी. तिच्याकडं दिली असती ही पिल्लं. दाईगत पाजलं असतं तिनं." बाभळ खिडकीतून दिसत होती. हेही तिकडंच बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे बाजारात औषध शोधायला गेले होते. तळाशी मेलेली पिल्लं पांढऱ्या वाळूसारखी साचलेली होती, ती नळीनं ओढून घ्यावीत म्हणून मी बाही वर केली आणि हात टाकीत घातला. कोपरापर्यंत गेला असेल. आणि जी उरली होती ती सगळी आली. थेट आली. माझ्या मनगटाला, बोटांना, बोटांच्या बेचक्यांना. इतकी हलकी की स्पर्श कळत नव्हता, नुसती गुदगुली. मी खाली बघितलं तर ती चाटत होती. शोधत होती. दोन डोळे आणि एक शेपटी, एवढाच जीव, आणि तो माझ्या कातडीवर तोंड घासत होता.

माझ्या तोंडातून काय आवाज निघाला मला माहीत नाही. मी हात खसकन ओढला. काही पिल्लं हाताबरोबर बाहेर आली आणि फरशीवर पडली. मी स्वयंपाकघरात पळाले, बेसिनचा नळ सोडला आणि हात घासत राहिले. डाळीच्या पिठाचा डबा समोरच होता. तो दिसला आणि मी मोठ्यांदा रडले.

संध्याकाळी हे आले तेव्हा टाकी शांत होती. मी काही सांगितलं नाही. पुढच्या श्रावणात पाऊसच झाला नाही, त्याच्या पुढच्या श्रावणात जोडीनं अंडी घातली आणि स्वतःच खाऊन टाकली. मला मनातून बरं वाटलं होतं. हे रिटायर झाले. आता त्यांना दिवसभर ती एकच खोली आहे. जोडी म्हातारी होत चालली आहे. हा बहुधा तिचा शेवटचा श्रावण.

आज सकाळी पिल्लं सुटायची होती. मी चहा घेऊन गेले आणि दारातच थांबले. अंडी दाखवली तेव्हापासून ह्यांनी मला आत फिरकू दिलं नव्हतं, पिल्लं सुटली की बघ म्हणाले होते. खोलीचं काय केलं होतं ते आज बघितलं. टाकीच्या तिन्ही बाजूंना पांढरा रंग. तळाला पांढरी फरशी. स्पंज पांढरा. हीटर पांढऱ्या पाइपात. अंडी फुटली तशी कुंडी काढून तिथं पांढऱ्या नळीचा तुकडा. भिंत पांढरी, पडदा पांढरा. त्या सगळ्या पांढऱ्यात ती दोघं नारिंगी, एकही डाग नसलेली. म्हाताऱ्या आईचा रंग इतका फिका झाला होता की ती हलली तरच दिसत होती.

"आता जात्यात कुठं," हे म्हणाले. "दुसरं काळं ठेवलंच न्हाई. आईकडंच यावं लागंल." मग खिशातून एक पुडकं काढून माझ्यापुढं धरलं. पांढरे रबरी हातमोजे होते, कोपरापर्यंतचे.

"हे कशाला?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "तुझ्या हाताला येत्यात ती. आईकडं जायाची न्हाईत मग."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी कपबशी खाली ठेवली. "तुम्ही बघितलं होतं?"

"खिडकीतनं. तवा. पिशवी इसरली म्हणून माघारी आलो हुतो."

"तीन वर्षं झाली त्याला! बोलला नाहीत?"

"काय बोलायचं हुतं? तू बी बोलली न्हाईस." मग अगदी हळू, "घाल. शेवटची पिल्लं हायती गं ही."

पस्तीस वर्षांत हा माणूस माझ्या रंगावरून एक शब्द बोलला नव्हता. आजही बोलला नाही, खरं तर. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, काकुळत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी मोजे घातले. हे पिंपातलं पाणी आणायला बाहेर गेले.

पिल्लं सुटली होती. शंभरएक असतील. ती आईपाशी आली आणि पुढं गेली. बापापाशी आली आणि पुढं गेली. आई थरथरली, परत थरथरली. काचेपर्यंत जाऊन पिल्लं वळायची, दुसऱ्या काचेपर्यंत जायची, परत वळायची. कुठं चिकटायला काही नव्हतं. हळूहळू ती टाकीच्या मधोमध गोळा झाली आणि तिथंच गोल फिरायला लागली. एकमेकांच्या डोळ्यांचे काळे ठिपके बघून ती एकमेकांच्याच मागं चालली होती. एखादं दमायचं आणि खाली जायचं.

बाहेर पिंपावर बादलीची कडी वाजली. पायरीवर पायांची खसखस झाली. इतक्या वर्षांत कोंबड्या बदलल्या, या त्यांच्या नाती-पणत्या असतील, पण त्यांनाही तो आवाज कळतो. दाराच्या फटीतून एक डोळा मला दिसत होता.

मी उजव्या हाताचा मोजा काढला. बाही वर केली आणि हात पाण्यात सोडला.

ती आली. सगळी आली. मनगटाला, बोटांना, बेचक्यांना चिकटली. या वेळी मी हात ओढला नाही. दात आवळून तसाच धरला आणि हळूहळू, अगदी हळूहळू, त्यांच्या आईकडं न्यायला लागले. म्हटलं, "जा रे. ती बघा. ती तुमची." आई पळाली नाही. जवळ आली. तिची कूस माझ्या हाताला लागली, तिच्या अंगावरची उबदार साय माझ्या बोटांना लागली. ती थरथरत राहिली, मी हात स्थिर धरून राहिले, हे बादली घेऊन मागं येऊन उभे राहिले ते मला पाण्यात दिसलं. आई तिथंच, हाताला हात लावावा इतक्या जवळ होती.

एकाही पिल्लानं माझा हात सोडला नाही.